रात्रीच्या श्वासाचा हिशेब

आरोग्यशास्त्र शिकविणाऱ्या बाई एके दिवशी रजेवर असल्यामुळे त्यांचा आठवीचा तास माझ्याकडे आला. विषय निघाला झोपेचा. मी विचारले, “तुमच्या घरात सर्वांत गाढ झोप कोणाची?” भराभर हात वर झाले. कोणी आजोबांचे नाव सांगितले, कोणी काकांचे, पुरावा मात्र सर्वांचा एकच, “ते खूप घोरतात!” वर्गात हशा पिकला. तो ओसरल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, आमचे पप्पा घोरता घोरता एकदम थांबतात. मग आई त्यांना हलवते. ती म्हणते, माझा डोळा लागला आणि हे तसेच थांबून राहिले, तर?”

वर्गात एकदम शांतता पसरली. त्या माउलीने कोणतेही वैद्यकाचे पुस्तक वाचलेले नव्हते. तरीही रोगाचे मुख्य लक्षण तिने अचूक पकडले होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या तासाला पुरते देता आले नाही. मी कलाशाखेची पदवीधर. इतिहास आणि भाषा शिकविणे हा माझा व्यवसाय. परंतु हा रोग आमच्याही घरात येऊन गेलेला असल्यामुळे त्याविषयी आणि विशेषतः त्याच्या खर्चाविषयी जे शिकावे लागले, ते विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी येथे क्रमाने मांडीत आहे. उपचार सांगण्याचे काम डॉक्टरांचेच होय. डॉक्टरांकडे जाताना काय विचारावे, पैसा कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये, एवढेच सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नव्हे. सरबत पिताना कागदी नळी भिजून मऊ झाली आणि आपण जोराने ओढले, तर तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात व सरबत वर येईनासे होते, हा अनुभव तुम्हां सर्वांना असेल. आपला घसा हीदेखील एक मऊ नळीच आहे. जागेपणी तिच्या भोवतालचे स्नायू तिला ताठ व उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. नळी अरुंद झाली की जाणारी हवा तिच्या भिंती थरथरवते; तोच घोरण्याचा आवाज. काहींच्या बाबतीत नळी अरुंद होऊन थांबत नाही, ती पूर्ण मिटते. छाती व पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो. अखेर मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास येतो आणि पुन्हा घोरणे सुरू होते. या जागृतीची आठवण सकाळी त्या माणसाला राहत नाही. तो म्हणतो, “मी आठ तास झोपलो.” खरे पाहता रात्रभर त्याची झोप तुकड्यातुकड्यांनी झालेली असते.

या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. श्वास किमान १० सेकंद अडला, तर तो एक अडथळा धरतात. तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा फार उथळ होतो, त्यावरून रोगाचे मान ठरते: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० वा त्याहून अधिक तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा. अशा माणसाला दिवसा पेंग येते, सकाळी डोके दुखते, चिडचिड वाढते, लक्ष टिकत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, या विकाराबरोबर रक्तदाब, हृदयाचे विकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो. आणि तो माणूस वाहन चालवीत असेल, तर एका डुलकीत त्याचा व इतरांचाही घात होऊ शकतो.

हा रोग नवा नाही, त्याची ओळख मात्र नवी आहे. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पिक्विक पेपर्स’ या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. तो उभ्याउभ्या झोपतो आणि घोरतो. वाचक त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ हसले. १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन करताना त्या कादंबरीचे नाव रोगाला दिले, आणि १९६५ साली फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी झोपेत घसा मिटून श्वास अडतो, हे उपकरणांनी नोंदवून दाखविले. ज्याला आपण हसतो ते कधीकधी दुखणे असते, हा धडा साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावा असा आहे.

हा परदेशी लोकांचा किंवा श्रीमंतांचा रोग आहे, असेही कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सुमारे १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेतील श्वासात दोष असावा असा अंदाज निघाला. दिवसा पेंग येण्यासह पुरता रोग असलेले सुमारे ७.५ टक्के होते. १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच विकाराचा उल्लेख केला होता. तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून आला आणि या रोगाचे नाव अनेक मराठी घरांत प्रथमच ऐकले गेले. स्त्रियांनाही हा रोग होतो; परंतु बाईमाणसाचे घोरणे घरात बोलून दाखविण्याची पद्धत नसल्यामुळे तो पुष्कळदा लपून राहतो. मुलांमध्ये वाढलेल्या टॉन्सिल व नाकामागील गाठी हे त्याचे नेहमीचे कारण असते, आणि तेथे बहुधा यंत्राऐवजी त्या काढण्याची शस्त्रक्रिया करतात. म्हणून रोज घोरणाऱ्या व तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

आता यंत्राकडे वळू. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली असा विचार केला की, मिटणारी नळी बाहेरून ताठ करता येत नसेल, तर तिच्यात आतून थोडा हवेचा दाब ठेवावा. फुंकणाऱ्या विद्युत्‌यंत्राची हवा नळीने नाकावरच्या मुखवट्यात सोडून त्यांनी रुग्णांना झोपविले. घसा मिटला नाही, घोरणे थांबले. १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरील हा प्रयोग प्रसिद्ध झाला. या यंत्राला आज ‘सीपॅप’ म्हणतात. त्याचा दाब साधारणतः ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे किती, हे घरी पाहता येईल. उंच पेल्यात १० सेंटिमीटर खोल पाणी घ्या, नळीचे टोक तळाशी नेऊन फुंकर घाला. पहिला बुडबुडा बाहेर पडतो तेव्हा तुमच्या फुंकरीचा दाब १० सेंटिमीटर पाण्याहून किंचित अधिक असतो. वातावरणाचा दाब सुमारे १,०३३ सेंटिमीटर पाण्याइतका आहे. त्याच्या शंभराव्या भागाएवढी ही फुंकर माणसाचा घसा रात्रभर उघडा ठेवते. सीपॅप फक्त हवा देते, प्राणवायू देत नाही. म्हणून कोणी प्राणवायूचे नळकांडे हा त्याला स्वस्त पर्याय म्हणून सुचविले, तर त्याच्या नादी लागू नये. मिटलेल्या दारापुढे माल आणून ठेवला, तरी दार उघडत नाही.

येथवर विज्ञान झाले. गृहस्थाची खरी अडचण पुढे आहे. डॉक्टर यंत्र लिहून देतात, दुकानदार किंमत सांगतो आणि घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. “विमा आहे ना?” असे कोणी विचारतो. बहुतेकांजवळ विमा नसतो, आणि असला तरी बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असतात. घरी नेऊन वापरायचे यंत्र त्यांच्या कक्षेबाहेर राहते. सरकारी योजनांचीही सर्वसाधारण रीत हीच आहे. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना, तिच्याशी जोडलेली गुजरातची २०१२ सालची ‘मा’ योजना आणि महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या तिन्ही गरिबांना मोठा आधार आहेत. पण त्यांचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. सीपॅप घराच्या उशाशी चालते. कागदावर ते उपचार आणि घरसामान यांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळत राहते.

म्हणून हिशेब स्वतःच मांडला पाहिजे; आणि तो मांडण्यापूर्वी एक पक्के सूत्र मनाशी धरावे. काटकसर यंत्राच्या दिमाखात करावी. निदानात आणि मुखवट्याच्या मापात करू नये. हे सूत्र आम्ही अनुभवाने शिकलो. माझ्या वडिलांचे गोव्यात एक छोटे किराणा दुकान होते. हातात तागडी धरून त्यांना डुलकी लागे आणि गिऱ्हाईक हसे. अखेर तपासणी झाली, रोग तीव्र निघाला. शहरातील एका विक्रेत्याने सर्वांत महागडे यंत्र सुचविले. विमा नव्हता. आईने आपल्या दोन बांगड्या गहाण ठेवल्या आणि यंत्र घरी आले. मुखवटा मात्र बाबांच्या चेहऱ्याला मोठा होता; कडेने हवा डोळ्यांवर येई. विक्रेत्याने “सवय होईल” एवढेच सांगितले. अकराव्या रात्री बाबांनी तो काढून ठेवला आणि यंत्र दहा महिने लोखंडी कपाटात पडून राहिले. बांगड्यांचे व्याज मात्र चालूच होते. पुढे एका सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी सगळे पाहून सांगितले, “यंत्र ठीक आहे. मुखवटा बदला.” लहान मापाचा मुखवटा यंत्राच्या किमतीच्या मानाने अगदी थोडक्या पैशांत मिळाला. चार दिवसांनी बाबांनी फोनवर आमच्या कोकणीत एवढेच सांगितले, “आयज बरी न्हीद पडली.” न्हीद म्हणजे झोप. आई मागे रडत होती, ते मला ऐकू येत होते.

आता पायऱ्या क्रमाने पाहू.

पहिली पायरी पूर्णपणे फुकट आहे. कॅनडातील टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेली आठ प्रश्नांची एक पद्धत जगभर वापरली जाते. माणूस मोठ्याने घोरतो का? दिवसा थकवा वा पेंग येते का? झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे का? रक्तदाब आहे का? वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता उत्तर ३५ च्या वर येते का? वय ५० च्या पुढे आहे का? गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून अधिक आहे का? व्यक्ती पुरुष आहे का? प्रत्येक होकाराला एक गुण. दोनपर्यंत गुण असतील तर धोका कमी, तीन वा चार असतील तर मध्यम, आणि पाच वा अधिक असतील तर जास्त समजतात. शिंप्याची टेप आणि वहीचे एक पान एवढ्यावर हे काम होते. हे निदान नव्हे. डॉक्टरांकडे जाण्याचे कारण मात्र आहे.

दुसरी पायरी तपासणीची. यात झोपेतील श्वास, प्राणवायू, हृदयाची गती इत्यादी रात्रभर नोंदवितात. ही तपासणी प्रयोगशाळेत झोपून करता येते, तसेच लहान उपकरण घरी नेऊनही करता येते. घरची तपासणी सामान्यतः स्वस्त पडते आणि ज्यांना हृदयाचे, फुप्फुसांचे वा मज्जासंस्थेचे गंभीर दुखणे नाही, अशा पुष्कळांना ती पुरते. कोणाला कोणती योग्य, हे डॉक्टर ठरवितात, परंतु “घरची तपासणी चालेल का?” हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. बारडोलीहून सुरत फार दूर नाही. तेथील नवे सिव्हिल रुग्णालय आणि महानगरपालिकेचे ‘स्मीमेर’ या दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. छातीरोगाच्या व नाक-कान-घशाच्या बाह्यरुग्ण विभागात प्रथम विचारपूस करावी. गोव्याकडच्या मंडळींनी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात विचारावे. महाराष्ट्रात ज्यांचे आप्त आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार तेथील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील समाजसेवा विभागात जावे.

तिसरी पायरी म्हणजे यंत्राआधी व यंत्राबरोबर करावयाचे उपाय. वजन १० टक्क्यांनी घटले, तर श्वास अडण्याचे प्रमाण सरासरी चतुर्थांशाने कमी होते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले. ज्यांचा श्वास उताणे झोपल्यावरच अधिक अडतो, त्यांनी कुशीवर झोपावे. सदऱ्याच्या पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू ठेवणे हा जुना व बिनखर्ची उपाय आहे. मद्य घसा अधिक सैल करते, म्हणून ते टाळावे. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. जयपूरच्या डॉक्टरांनी मध्यम रोगाच्या ३० रुग्णांवर केलेला शंखवादनाचा प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. सहा महिने नियमाने शंख वाजविणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि श्वास अडण्याचे प्रमाण तासाला चार-पाच वेळांनी घटले. प्रयोग लहान आहे. तेव्हा देवघरातील शंख जरूर वाजवावा, पण तीव्र रोगात त्यावर विसंबून यंत्र नाकारू नये. सौम्य व मध्यम रोगात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी दंतपट्टीही उपयोगी पडते. ती दंतवैद्याकडून मापानेच करून घ्यावी.

चौथी पायरी यंत्राच्या निवडीची. साधे सीपॅप रात्रभर ठरलेला एकच दाब देते. स्वयंचलित यंत्र श्वासाचा अंदाज घेऊन दाब कमीजास्त करते. सर्वसाधारण रुग्णाला दोन्ही सारखीच गुणकारी ठरतात. साधे यंत्र स्वस्त असले, तरी त्याचा दाब ठरविण्यासाठी बहुधा आणखी एक रात्र तपासणी करावी लागते. स्वयंचलित यंत्राने ती काही वेळा वाचते. म्हणून केवळ यंत्राच्या किमती शेजारीशेजारी मांडू नयेत; यंत्र आणि तपासणी मिळून होणाऱ्या बेरजा मांडाव्यात. बायपॅप हे श्वास घेताना व सोडताना वेगळा दाब देणारे यंत्र विशिष्ट रुग्णांसाठी असते. ते महाग आहे म्हणून सर्वांना अधिक चांगले, असे नव्हे.

शक्य असेल तेथे प्रथम महिनाभर यंत्र भाड्याने घ्यावे आणि मुखवटा मात्र स्वतःचा, चेहऱ्यावर लावून पाहून, झोपलेल्या स्थितीत हवा सोडून तपासून विकत घ्यावा. यंत्रात प्रत्येक रात्रीच्या वापराची नोंद होते. अमेरिकेतील मेडिकेअर ही सरकारी विमा योजना यंत्राचा वापर ठीक आहे असे केव्हा मानते? ३० दिवसांपैकी ७० टक्के, म्हणजे २१ रात्री, किमान चार तास ते वापरले तर. आपला विमा असो वा नसो, भाड्याच्या महिन्यात हीच परीक्षा आपण आपली घ्यावी. उत्तीर्ण झालो तर विकत घ्यावे; नापास झालो तर यंत्राला दोष देण्यापूर्वी मुखवटा बदलून पाहावा.

येथे एक गणित करू. समजा, यंत्र ४०,००० रुपयांना मिळाले आणि पाच वर्षे चालले. पाच वर्षांच्या रात्री १,८२५. भागाकार केला असता रात्रीला सुमारे २२ रुपये पडतात. मुखवट्यावर वर्षाला ४,५०० रुपये धरले, तर रात्रीला सुमारे १२ रुपये. ४० वॅटचे यंत्र आठ तास चालले, तर ०.३२ युनिट वीज. सात रुपये दराने सव्वादोन रुपये. एकूण रात्रीला सुमारे ३६ रुपये. हा आकडा गरिबाला लहान नाही, पण तो डोळ्यांपुढे आला की ४०,००० या आकड्याचे भय कमी होते आणि पतपेढीच्या हप्त्याचा विचार करता येतो. आता तेच यंत्र ५० रात्री वापरून कपाटात ठेवले, तर एका रात्रीची किंमत ८०० रुपये होते. सर्वांत महाग यंत्र कोणते? जे कपाटात पडून आहे ते.

पाचवी पायरी जुन्या यंत्रांची. विश्वासाच्या ठिकाणचे वापरलेले यंत्र घ्यावयास हरकत नाही. मात्र मुखवटा, नळी आणि गाळणी नवीनच घ्यावी. यंत्र किती तास चालले आहे ते पडद्यावर पाहावे, दाब डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे बसवून घ्यावा आणि यंत्राचा अनुक्रमांक कंपनीकडे पडताळून पाहावा. २०२१ च्या जून महिन्यात फिलिप्स कंपनीने आपली लाखो श्वसनयंत्रे जगभरातून परत बोलाविली होती. त्यांतील आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. असे जुने यंत्र दुरुस्तीवाचून स्वस्तात फिरत असू शकते. अनेक गावांत संस्था ‘रुग्णोपयोगी साहित्य केंद्र’ चालवितात आणि खाटा, कुबड्या, प्राणवायूची यंत्रे अनामत घेऊन देतात. तेथेही चौकशी करावी. ज्या घरात असे यंत्र पडून आहे, त्यांनी ते धूळ खात न ठेवता अशा केंद्राला द्यावे, ही माझी विनंती आहे.

सहावी पायरी विचारण्याची, आणि ती लेखी. केंद्र सरकारचे कर्मचारी व निवृत्तिवेतनधारक यांच्या आरोग्य योजनेत तज्ज्ञाच्या शिफारशीवर व पूर्वपरवानगीने या यंत्राचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसल्यामुळे ते आधी खरेदी करतात आणि मग परवानगी मागतात. कामगार राज्य विमा योजनेत नाव असलेल्यांनी आपल्या दवाखान्यात लेखी अर्ज देऊन विचारावे. खाजगी विमा असल्यास पॉलिसीत वगळलेल्या वस्तूंची यादी वाचावी. यंत्र मिळणार नसले तरी तपासणीचा काही भाग मिळतो का, हे विचारावे. तोंडी ‘नाही’ ऐकून परत फिरू नये.

विद्यार्थिमित्रांनो, आपण बारडोलीत राहतो. १९२८ साली या तालुक्याच्या शेतकऱ्यांवर सुमारे २२ टक्के वाढीव सारा लादला गेला, तेव्हा वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी एकच आग्रह धरला: हा आकडा कोठून आला, त्याची निष्पक्ष चौकशी करा. ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. त्या लढ्याची आणि घरातील आजारपणाची बरोबरी करणे योग्य नव्हे. पण समोर आलेला मोठा आकडा पाहून मान खाली न घालता त्याचा हिशेब मागावा, हा संस्कार या भूमीनेच आपल्याला दिला आहे.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी मला भेटला. रात्री त्याने आईला झोपू दिले आणि स्वतः घड्याळ घेऊन अर्धा तास वडिलांच्या उशाशी बसला. वहीत त्याने अकरा रेघा ओढल्या होत्या. मी त्याला ती वही डॉक्टरांकडे न्यावयास सांगितले. आता त्याच्या वडिलांची तपासणी झाली आहे; यंत्राचा भाड्याचा महिना चालू आहे आणि वहीचे नवे पान सुरू झाले आहे. त्यावर तो फक्त वडील किती तास मुखवटा लावून झोपले, हे लिहितो. त्याची आई आता रात्री झोपते.

तुमच्या घरी कोणी घोरत असेल, तर आज रात्री हसू नका. थोडा वेळ ऐका, आणि मोजा.